दिवाडी बेटावर घरच्यांसोबत सायकलफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रायबंदरला राहतो. पाऊस सरला की महिन्यातल्या एखाद-दुसऱ्या रविवारी मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा आणि जमेल तेव्हा सासूबाई असे सगळे मांडवी ओलांडून दिवाडीला सायकली घेऊन जातो. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून गोव्याला येणारे नातेवाईक आणि त्यांचे ओळखीचे गेली काही वर्षं मला तेच तेच प्रश्न पाठवतात. फोनवर दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलंय. अंक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. दिवाडी नेमकी कुठे आहे? आणि समुद्र सोडून तिथे का जायचं?

पणजीच्या पूर्वेला मांडवी नदी फाटे फोडून वाहते. त्या फाट्यांच्या मधे जी बेटं आहेत, त्यांतली दोन मोठी म्हणजे चोडण आणि दिवाडी. जुने गोवेच्या चर्चपाशी उभं राहून नदीपलीकडे पाहिलंत, तर टेकडीवर एक पांढरं चर्च दिसतं. ती दिवाडी.

तिथेच का, तर नदीकाठी मुलांना निर्धास्त सायकल चालवता येईल असा रस्ता आता फार ठिकाणी उरलेला नाही. बेटावर यायला गाड्यांनाही फेरीबोटच लागते. ती एका वेळी मोजक्याच गाड्या आणते, त्या आल्या की पाच मिनिटांत पुढे निघून जातात आणि मग पुढची बोट लागेपर्यंत रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना भातशेती, पाणी, कांदळवन. समोरून येणारी गाडी बरीच आधी दिसते. माझी लेक रस्त्यावर एकटी, म्हणजे आमच्या पुढे पन्नास मीटर, पहिल्यांदा चालवायला शिकली ती याच रस्त्यावर.

२. बेटावर कोणत्या धक्क्यावरून जायचं?

तीन वाटा आहेत. जुने गोवेला व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलं की धक्का लागतो. दुसरा धक्का रायबंदरचा. तिसरी वाट उत्तरेकडून, डिचोली तालुक्यातल्या नार्वेहून.

पहिल्यांदा येत असाल तर जुने गोवेहूनच जा. गाडी लावायला जागा मिळते, करमळी रेल्वे स्टेशन जवळ आहे आणि मुलांना त्या जुन्या कमानीखालून सायकल हातात धरून नदीवर उतरण्यात फार मजा येते. रायबंदरचा धक्का पणजीत उतरलेल्यांना जवळचा. पण तिथे एक लक्षात ठेवा : रायबंदरहून चोडणलाही बोटी सुटतात. चढण्याआधी 'दिवाडी ना?' असं विचाराच.

३. पणजीहूनच सायकलने धक्क्यापर्यंत गेलो तर?

मोठे असाल तर जा. पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटरचा लांब पूल-रस्ता आहे. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरांचा सखल भाग, सकाळी तिथून जाणं फार देखणं असतं. पण रस्ता अरुंद आहे आणि बस-गाड्यांची वर्दळ सतत. बारा वर्षांखालच्या मुलाला मी तिथे स्वतःच्या सायकलवर नेणार नाही. सायकली गाडीत घालून धक्क्यापर्यंत आणा आणि तिथून सुरू करा.

४. फेरीबोटीत सायकल कशी चढवायची? तिकीट लागतं का?

चालत जाणाऱ्यांना तिकीट नाही. आमच्याकडून सायकलींचेही पैसे कधी घेतलेले नाहीत. मोटारगाड्यांना मात्र पडतात.

बोट म्हणजे सपाट तळाचा लोखंडी तराफाच समजा. पुढची फळी धक्क्यावर टेकते, आधी उतरणारे उतरतात, मग गाड्या चढतात. तुम्ही बाजूला थांबा, गाड्या लागू द्या आणि शेवटी सायकल हातात धरून चढा. चालवत चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवी शेवाळ असते. माझी लेक आठ वर्षांची असताना तिथेच पुढच्या चाकासकट घसरली. गुडघा फुटला, सायकल पाण्याच्या कडेपर्यंत गेली. चूक माझी होती, मी तिला 'चल पटकन' म्हटलं होतं. तेव्हापासून आमचा नियम ठरला : शेवाळ दिसली की दोन्ही हात सायकलवर, पाऊल आडवं, आणि घाई कुणीच करायची नाही.

बोटीत सायकली कठड्याला टेकवून ठेवा, एकाने धरून उभं राहा. पैलतीर काही मिनिटांतच येतो, पण मुलांसाठी तो अर्धा प्रवास असतो. आमचा मुलगा दरवेळी पुढच्या साखळीपाशी उभा राहून फळी खाली पडायची वाट बघतो.

५. रस्ता किती लांब? चढ आहे का?

धक्क्यापासून पिएदाद गावापर्यंत साधारण तीन किलोमीटर. गावातून पुढे नार्वे धक्क्याकडे गेलात आणि परत आलात, इकडेतिकडे फिरलात, तर दिवसाचे दहा-बारा किलोमीटर होतात. आमच्या घरच्यांना तेवढे पुरतात.

शेतातला रस्ता तळहातासारखा सपाट आहे. चढ एकच, गावातून टेकडीवरच्या चर्चकडे जाणारा. छोटा आहे, पण उभा आहे. गिअर नसलेल्या सायकलीवर तो चालत चढा, त्यात काहीच कमीपणा नाही. खरी काळजी घ्यायची ती उतरताना (प्रश्न ९ पाहा).

चर्चच्या अंगणातून मात्र सगळी मांडवी, पलीकडचं जुने गोवे आणि नारळांतून वर आलेले चर्चचे मनोरे एका नजरेत दिसतात. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्यात कदंबकाळातल्या मंदिराचे कोरीव अवशेष राहिले आहेत. तिथे सायकली बाहेर लावा आणि आवाज न करता बघा, लोक आपल्या माणसांना फुलं वाहायला येत असतात.

६. कोणता महिना चांगला? पावसात आलं तर चालेल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. मार्च लागला की नऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि शेतातल्या रस्त्यावर सावलीला झाड नसतं.

जून ते सप्टेंबर मी लहान मुलांना घेऊन जात नाही. दिवाडी तेव्हा सगळ्यात सुंदर असते, हे कबूल. कोवळ्या भाताचा तो हिरवा रंग दुसऱ्या कुठल्याही महिन्यात दिसत नाही. पण जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की खाजनातलं, म्हणजे बांध घालून नदीकडून घेतलेल्या सखल शेतातलं, पाणी बाहेर पडायला जागा नसते आणि सखल रस्त्यावर पाणी येतं. पाण्याखालचा खड्डा सायकलीला दिसत नाही. पावसाळ्यातच यायचं असेल तर उघडीप बघून मोठ्यांनीच या. ऑक्टोबरात भात पिकतं, तेव्हा रस्त्याकडेला लोक भात वाळत घालतात. त्यावरून चाकं नेऊ नका.

७. किती वाजता निघावं? किती वेळ धरावा?

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेसातची बोट धरलीत तर साडेदहा-अकरापर्यंत सगळं निवांत होतं. बारा किलोमीटरला साडेतीन तास ऐकून लोक हसतात. ते तास चालवण्यात जात नाहीत. एक तास चालवण्यात जातो, बाकीचा खंड्या बघण्यात, पाव खाण्यात, कुणाच्या तरी शेळीशी बोलण्यात. तो वेळ हातात नसेल तर येऊ नका असंच मी सांगते, कारण मग वाटेत मुलांना ओढत न्यावं लागतं आणि पुढच्या वेळी ती यायला नको म्हणतात.

संध्याकाळी यायचं असेल तर चारनंतर निघा. हिवाळ्यात सहा वाजून गेले की अंधार लवकर दाटतो आणि शेतातल्या रस्त्यावर दिवे फार नाहीत. प्रत्येक सायकलीला मागे लाल दिवा हवाच.

८. मूल किती वर्षांचं असावं?

स्वतः चालवणाऱ्या मुलासाठी मी वय विचारत नाही, तीन गोष्टी विचारते. ब्रेक दाबून ठरवलेल्या जागी थांबता येतं का? मागे वळून बघताना सायकल सरळ राहते का? आणि 'डावीकडे' म्हटल्यावर लगेच डावीकडे येतं का? तिन्हींना हो असेल तर सहा वर्षांचं मूलही सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर आरामात करतं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. 'दोन वर्षं चालेल' म्हणून घेतलेली मोठी सायकल या फेरीला आणू नका.

लहान मुलाला मागे बसवून नेणार असाल तर पट्टा, पाठ आणि दोन्ही बाजूंनी पाय झाकणारी खुर्ची हवी. कॅरिअरवर नुसतं उशी टाकून बसवलेल्या पोराचा पाय आऱ्यांत जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात आहे आणि त्याची जखम वाईट असते. वर्षाच्या आतलं, मान-पाठ नीट न सावरणारं बाळ सायकलीवर नकोच. हेल्मेट मुलांना आणि तुम्हालाही. मोठ्यांच्या डोक्यावर नसेल तर मूल दहाव्या मिनिटाला काढून टाकतं.

९. सायकली भाड्याने मिळतात का?

पणजीत आणि आसपास मिळतात, विजेवर चालणाऱ्याही मिळतात. लहान मुलांच्या मात्र मोजक्याच असतात, आदल्या दिवशी फोन करून चाकाचा आकार सांगून ठेवा. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला बहुधा वीस इंची लागते, त्यापुढे चोवीस.

घेताना दुकानातच एवढं करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून मागे ओढा, चाक फिरता कामा नये. पेडल उलटं फिरवून चेन बघा. टायर अंगठ्याने दाबा. सीटचा नट घट्ट आहे का पाहा. पाहुण्यांसाठी एकदा आम्ही गडबडीत घेतलेल्या सायकलीचा मागचा ब्रेक पिएदादच्या उतारावर लागेचना. माझा मावसभाऊ पाय घासत, कसाबसा कुंपणाला टेकून थांबला. चप्पल फाटली, माणूस वाचला. दुकानात दोन मिनिटं दिली असती तर ते टळलं असतं.

त्या उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आधीपासून दाबत या. मूल पुढे, मोठं माणूस मागे नको. उतारावर मोठ्याने पुढे राहावं, म्हणजे वेग त्याच्या हातात राहतो.

१०. सासू-सासरे किंवा आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. त्यांना झेपेल?

माझ्या सासूबाई त्रेसष्टच्या. लग्नाआधी शाळेत सायकलने जायच्या, नंतर चाळीस वर्षं हात लावला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दांडी नसलेली, बुटकी सायकल घेतली. अंगणात दहा मिनिटं गोल फिरल्या आणि म्हणाल्या, 'चल, विसरले नाही.' बेटावर चार किलोमीटर केले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते बघायला मी पुन्हा पुन्हा त्यांना घेऊन जाते.

चढ टाळा, सीट खाली ठेवा, वर-खाली बसताना कुणीतरी सायकल धरा. गुडघ्याचं दुखणं असेल तर विजेची सायकल बरी, पण ती वजनाला जड असते. बोटीच्या फळीवर ती त्यांच्या हातात देऊ नका, तुम्ही न्या. ज्यांना चालवायचंच नाही त्यांना बोटीने पलीकडे आणून पिएदादपर्यंत गाडीने सोडा. सगळे तिथेच भेटतात.

११. खायला-प्यायला काय मिळतं?

पिएदादला लहान दुकानं आहेत, चहा-पाणी, बिस्किटं, सोडा मिळतो. दुपारचं जेवण शोधत बसू नका, घरून डबा आणा. पाणी माणशी एक लिटर तरी.

आणि पोदेर, म्हणजे पाववाला, भेटला तर सोडू नका. सकाळी आणि संध्याकाळी तो मागे मोठी टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत सायकलवरूनच येतो. भुसा लावलेली गरम पोई, काकणं, उंडे. आमच्या मुलाला त्या भोंग्याचा आवाज अर्ध्या किलोमीटरवरून कळतो. पोई फाडली की आतून वाफ येते, डब्यातली बटाट्याची भाजी त्यात भरायची आणि बांधाच्या कडेला बसून खायची. कागद, पिशव्या परत न्या. शेतात टाकलेलं प्लास्टिक मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात, जाऊन अडकतं (प्रश्न १२).

१२. शेतातलं ते दगडी फाटक कसलं? मुलं विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही.

हा प्रश्न आला की मला सगळ्यात आनंद होतो, कारण दिवाडीवर दाखवण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे.

तुम्ही ज्या शेतातून चालवता ते खाजन. ही जमीन मुळात भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी. इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी मातीचे बांध घालून ती नदीकडून घेतली. बांधात जिथे पाणी आत-बाहेर करायचं तिथे चिऱ्यांचं बांधकाम आणि त्यात लाकडी झडपा. त्याला मानस म्हणतात. झडपा वरून टांगलेल्या असतात आणि नदीच्या बाजूला उघडतात. भरती आली की नदीचं पाणीच त्या दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. माणूस नाही, मोटर नाही, दिवसातून दोनदा नदी स्वतःच दार लावते आणि उघडते. म्हणून पावसाचं गोडं पाणी शेतात येतं, जादा बाहेर जातं आणि खारं पाणी भाताला लागत नाही. जिथे खारटपणा उरतोच तिथे लोक कोरगूट नावाचं, खारं सोसणारं भात लावत आले.

भात काढल्यावर याच पाण्यात मासे येतात : सुंगटं, कालुंद्रं, चणक. मानशीवर जाळं लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने देतात. म्हणून तिथल्या जाळ्याला, दोरीला हात लावायचा नाही.

मुलांना हे सांगू नका, दाखवा. ओहोटी चालू असताना मानशीच्या आतल्या बाजूला एक वाळलेलं पान टाका. ते हळूहळू झडपेकडे जातं, कडेला क्षणभर अडतं, गिरकी घेतं आणि गपकन बाहेर नदीत. आमच्या मुलाने एका सकाळी सतरा पानं मोजून सोडली. भरती सुरू झाली तेव्हा अठरावं पान जागच्या जागी थांबलं. झडपेच्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ तेवढी आत येत होती. 'आई, नदीने दार लावलं,' तो म्हणाला. कठड्यावर चढू देऊ नका, मूल हाताला धरूनच उभं करा. झडपेपाशी पाण्याला जोर असतो.

१३. भरती-ओहोटी कशी कळणार? सायकलफेरीला त्याचा काय संबंध?

तीन ठिकाणी संबंध येतो : धक्क्यावरची शेवाळ (प्रश्न ४), मानस बघणं (प्रश्न १२) आणि पक्षी. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे, तुतवार, खंडे तिथे येतात, निवट्या मासे उड्या मारताना दिसतात आणि एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळांतून बाहेर येतात.

कोकणातला जुना हिशेब बऱ्याच घरांत माहीत असतो : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, तितके वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. हा हिशेब मुंबईकडे ठीक बसतो. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, तेवढा वजा करा. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं.

अंदाजापुरतं एवढं पुरे. मी आदल्या रात्री कालनिर्णय उघडून तिथी बघते आणि लेकीला हिशेब करायला लावते. आता ती तोंडी सांगते.

१४. नदीत पाय बुडवले, पोहलो तर चालेल का? मगरी असतात म्हणे.

पाण्यात उतरू नका. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे लोक मुद्दाम त्या बघायला बोटीतून जातात. तो कालवा दिवाडीपासून फार लांब नाही. बेटाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला त्यांची भीती बाळगायचं कारण नाही. पण नदीत उतरण्याचा विचार सोडा. मगर राहू दे बाजूला, कांदळवनाचा चिखल मांडीपर्यंत धरतो आणि ओहोटीची ओढ पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

ऊद, म्हणजे पाणमांजरं, मात्र दिसले तर नशीब समजा. खाजनात ते मासे धरायला येतात. आम्हाला एकदाच दिसले, पहाटे, तीन गुळगुळीत डोकी एका ओळीत.

१५. बांधावरून सायकल चालवली तर?

मन होतं, कारण बांध अगदी पाण्याला लागून जातो. पण नाही. बांध मातीचा आहे. चाकाने पडलेली चाकोरी पावसात ओघळ होते आणि ओघळाचं भगदाड. एक बांध फुटला तर खारं पाणी सगळ्या शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक हातचं जातं. डांबरी रस्त्यालाच राहा. बांधावर पायी जायचं असेल तर शेतात जो असेल त्याला विचारा. 'काकानूं, वयर चलूं?' एवढं कोंकणीत विचारलं तर बहुतेक वेळा ते स्वतःच बरोबर येऊन दाखवतात.

१६. त्याच दिवशी चोडणचं पक्षी अभयारण्यही करता येईल?

येईल, पण लहान मुलं असतील तर नको. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या पश्चिम टोकाला, रायबंदरच्या बोटीतून उतरल्यावर जवळच आहे. १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं कांदळवन. आत पायवाट आहे, सायकल बाहेर ठेवावी लागते. दोन बेटं एका दिवसात करण्यापेक्षा दुसऱ्या सकाळी फक्त चोडणला जा. दिवाडीवरही रस्त्याच्या कडेला तारेवर खंड्या आणि वर ब्राह्मणी घार दिसतेच.

१७. नार्वेचं सप्तकोटेश्वर मंदिर दिवाडीवर आहे की पलीकडे?

इथे बरेच जण चुकतात. नार्वे दोन आहेत. मूळ देऊळ दिवाडीवरच्या जुन्या नार्वेला होतं. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव येतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं आणि लिंग नदीपलीकडे, आज डिचोली तालुक्यात असलेल्या नार्वेला गेलं. तिथलं मंदिर शिवाजी महाराजांनी बांधवून घेतलं. शके १५९०, म्हणजे १६६८ सालचा शिलालेख तिथे दारावर आहे.

सायकलवाल्यांना ही जोडफेरी फार चांगली. दिवाडीच्या उत्तर टोकाला जुन्या जागेची तळी आणि अवशेष बघायचे, मग बोटीने पलीकडच्या नार्वेला जाऊन मंदिर. ज्या पाण्यावरून देव नेले त्याच पाण्यावरून आपण जातो, हे मुलांना सांगितलं की ती गप्प होतात. पलीकडे मात्र रस्त्याला चढ-उतार आहेत, दहा वर्षांवरच्या मुलांनाच न्या.

१८. पंक्चर झालं तर बेटावर दुकान आहे का?

दुकान शोधत फिरावं लागेल असं धरून चाला. जवळ ठेवा : त्याच मापाची एक नवी ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, नटाचे पाने आणि एक जुनं फडकं. ट्यूब बदलायला घरी एकदा शिकून घ्या. चेन उतरली तर मागचा गिअर सैल करून, खालून चढवून पेडल हाताने पुढे फिरवायचं, हे मुलांनाही येतं. काहीच जमलं नाही तर सायकल ढकलत धक्क्यावर या. लांब कुठलंच नाही.

१९. कोणत्या दिवशी येऊ नये?

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो. वाड्यावाड्याचे झेंडे, मिरवणूक, बांबूच्या फोटाशीतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, फळं उडवणं. बघायला जरूर या, पण चालत. त्या दिवशी रस्त्यावर सायकलीला जागाच नसते. ३ डिसेंबरला जुने गोवेला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, तेव्हा आणि त्याआधीचे नऊ दिवस जुने गोवेचा धक्का टाळून रायबंदरहून या.

२०. मूल अर्ध्यात थकलं, रडायला लागलं. मग?

मग फेरी तिथेच संपली. मी खरंच हेच करते. चर्च राहू दे, नार्वे राहू दे. 'थोडंच राहिलंय' असं खोटं सांगू नका, एकदा फसलेलं मूल पुढे कुठलंच अंतर तुमच्या शब्दावर करत नाही. उतरा, पाणी द्या, काहीतरी खायला द्या, पंधरा मिनिटं बसा. त्यानंतर पुढे जायचं की मागे, हे त्यालाच विचारा. बहुतेक वेळा ते 'पुढे' म्हणतं. 'मागे' म्हणालं तर मागे. घरात सगळ्यात छोटा चालवणारा जो असेल, त्याच्या पायांवर त्या दिवसाचं अंतर ठरतं. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे मोठ्या भावंडांची कुरकुर होत नाही.

२१. आम्ही पंधरा-वीस जण आहोत. एकत्र निघालो तर?

चार-पाचांचे गट करा, दोन गटांत शंभरेक मीटर अंतर ठेवा. प्रत्येक गटात एक मोठा पुढे, एक मागे. एका ओळीत चालवा. बोटीतही सगळे एकदम चढू नका. रोज कामाला, शाळेला जाणारे लोक त्याच बोटीने जातात, त्यांना आधी जागा द्या.

२२. परतीची शेवटची बोट चुकली तर?

जातानाच धक्क्यावर 'निमाणी फेरी कितें वेळार?' म्हणून विचारून ठेवा आणि तिन्ही धक्क्यांच्या वेळा वेगळ्या असतात हे लक्षात घ्या. एका धक्क्यावरची फेरी संपली तरी दुसऱ्यावरची चालू असू शकते, आणि बेटावरून दोन्ही दक्षिणेकडचे धक्के सायकलीने गाठता येतात. बोट बिघाडामुळे थांबली असेल तरी हेच करा. एकदा आमच्यावर ही वेळ आली, मुलगा पेंगत होता. आम्ही रायबंदरच्या बोटीकडे वळलो, धक्क्यावर एका माणसाने त्याला आपल्या स्कूटरवर बसू दिलं आणि मी त्याची छोटी सायकल माझ्या कॅरिअरला ओढणीने बांधून बोटीत चढवली.